सिगारेट सुटल्यानंतरचे दुसरे व्हेप : व्हेपोरेसो एक्सरॉस ३

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या लंडन रोडवर बसची वाट पाहत असताना माझ्या हातातल्या व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, दिवा तीन-चार वेळा लुकलुकला आणि विझला. सिगारेट सोडून तेव्हा नऊ आठवडे झाले होते. बस यायला अठरा मिनिटे होती, पाऊस पडत होता, कामाचा दिवस वाईट गेला होता आणि समोरच्या दुकानात काउंटरमागच्या बंद कपाटात काय ठेवलेले असते हे मला पाठ होते. मी रस्ता ओलांडला, वीसचे पाकीट घेतले आणि घरी पोहोचेपर्यंत दोन सिगारेटी ओढल्या. उरलेल्या अठरा रात्री नळाखाली भिजवून टाकून दिल्या. नऊ आठवडे टिकलेला निश्चय एका रिकाम्या बॅटरीपाशी मोडला, याचा मला धसका बसला, आणि दुसऱ्याच दिवशी नवे व्हेप घ्यायचे मी ठरवले.

ते नवे व्हेप निवडताना मी आधी मोठी चूक केली, मग ती दुरुस्त केली. आता गेले चार महिने मी व्हेपोरेसो कंपनीचे एक्सरॉस ३ हे छोटे पॉड-यंत्र (पॉड म्हणजे द्रवाची काढता-घालता येणारी छोटी डबी) वापरतो आहे आणि त्याचेच हे परीक्षण आहे. जो अनेक वर्षे सिगारेट ओढत होता, ज्याने ती नुकतीच सोडली आहे आणि जो व्हेप कायदेशीर असलेल्या देशात राहतो, अशाच प्रौढ वाचकासाठी मी हे लिहीत आहे. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याने व्हेपच्या वाटेलाही जाऊ नये. निकोटिनची सवय लावून घेण्यासारखे त्यात काहीही नाही.

मी बावीस वर्षे सिगारेट ओढली. सुरुवात साताऱ्याला, कॉलेजबाहेरच्या टपरीवर, कटिंग चहाबरोबर घेतलेल्या सुट्या सिगारेटने झाली. इंग्लंडमध्ये आल्यावर किमतीमुळे दिवसाचा आकडा वीसवरून पंधरावर आला, पण त्याखाली कधी गेला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये मी शहराच्या धूम्रपानमुक्ती सेवेकडे नाव नोंदवले. लेस्टरच्या या सेवेने २०१४ सालीच, म्हणजे बहुतेक डॉक्टर ई-सिगारेटचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालत होते त्या काळात, ई-सिगारेट घेऊन सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचे उघडपणे स्वागत केले होते. पुढे २०२३मध्ये इंग्लंडमध्ये सरकारनेच दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा प्राथमिक संच आणि जोडीला समुपदेशन देण्याची योजना जाहीर केली. पहिल्या भेटीत सल्लागारबाईंनी मला एका छोट्या यंत्रात श्वास सोडायला लावला. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दशलक्षात २७ भाग आले. चार आठवड्यांनी तोच आकडा ३ झाला. व्हेपमध्ये काहीही जळत नाही, द्रव तापून त्याची वाफ होते, त्यामुळे तंबाखू जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर तिथे येत नाहीत. हे मी वाचले होते, पण स्वतःच्या श्वासाचा आकडा पाहिल्यावर ते मला खऱ्या अर्थाने पटले.

त्यांनी दिलेले पहिले यंत्र पेनासारखे होते: एक बटण, दोन मिलिलिटरची टाकी आणि द्रव तापवणारी, १.५ ओहम विद्युतरोधाची कॉइल. १ जून २०२५पासून एकदा वापरून फेकायची व्हेप विकायला ब्रिटनभर बंदी आहे, त्यामुळे नवशिक्याला आता सुरुवातच पुन्हा भरता येणाऱ्या यंत्राने करावी लागते, आणि माझ्या मते ते चांगलेच झाले. या पेनाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. बावीस वर्षांत जे जमले नव्हते ते त्याच्या आधाराने नऊ आठवडे जमले. पण त्याच्या मर्यादाही तिसऱ्या आठवड्यापासून जाणवू लागल्या. दुपारी तीनपर्यंत बॅटरी संपत असे. टाकीच्या तळाशी चिकट ओल जमून ती खिशात उतरत असे. कधी गरम थेंब जिभेवर उडे, तर कधी वाफेऐवजी करपलेल्या कापसाची चव घशात जाऊन ठसका लागे.

यातला निम्मा दोष यंत्राचा नव्हता, हे मला उशिरा कळले. कॉइल म्हणजे कापसात गुंडाळलेली छोटी तार किंवा जाळी. नवी कॉइल बसवल्यावर द्रव भरून दहा मिनिटे थांबावे लागते, म्हणजे कापूस आतपर्यंत भिजतो. मी भरताक्षणी ओढायला सुरुवात करत असे आणि कोरडा कापूस पहिल्याच झुरक्यात करपत असे. एकदा करपलेल्या कापसाची चव पुन्हा सुधारत नाही. शिवाय मी एकामागून एक झुरके घेत होतो, त्यामुळे कापसाला पुन्हा भिजायला वेळच मिळत नव्हता. आणि इतके झुरके मी का घेत होतो, याचे उत्तर बाटलीवर लिहिलेले होते. पहिल्या भेटीत मला जास्त तीव्रतेचे द्रव सुचवले होते, पण निकोटिन जितके कमी तितके बरे, अशा समजुतीने मी आग्रहाने मिलिलिटरला सहा मिलिग्रॅमचे द्रव घेतले होते. रोज पंधरा सिगारेटी ओढणाऱ्या शरीराला ते पुरत नव्हते. जी तलफ सिगारेटच्या सात-आठ झुरक्यांत शमत असे, तिच्यासाठी मी अर्धा-अर्धा तास पेन तोंडातून काढत नव्हतो. दुपारी तीनला बॅटरी संपण्यामागचे खरे कारण हे होते.

हे उमगण्याआधीच मी नवे यंत्र आणले. त्या शुक्रवारी एका व्हेपच्या दुकानात जाऊन मी फक्त एवढेच सांगितले, की मला जास्त ताकदीचे आणि बॅटरी टिकणारे काहीतरी हवे आहे. ताकद या शब्दाचा माझा अर्थ निकोटिन असा होता. काउंटरवरच्या तरुणाने तो वॅट असा घेतला. त्याने मला १८६५० या मापाच्या दोन सुट्या बॅटऱ्यांचे, पडदा असलेले, वजनदार चौकोनी यंत्र दिले आणि त्यावर ०.२ ओहमच्या कॉइलची टाकी बसवून दिली. मी काय ओढत होतो, किती ओढत होतो आणि सिगारेट सोडून किती दिवस झाले, यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही, आणि मलाही ते आपणहून सांगायचे सुचले नाही.

या ठिकाणी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण नवशिक्याची फसगत नेमकी इथे होते. व्हेप ओढण्याच्या दोन पद्धती आहेत. सिगारेटचा झुरका आपण आधी तोंडात घेतो आणि मग छातीत उतरवतो. हुक्क्याचा झुरका थेट छातीत जातो, श्वास घेतल्यासारखा. व्हेपच्या बाबतीत एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून जास्त रोध असलेल्या कॉइली, अरुंद हवामार्ग आणि कमी वॅट हे सगळे पहिल्या पद्धतीसाठी असते. अर्ध्या ओहमखालच्या कॉइली, मोकळा हवामार्ग आणि चाळीस-साठ-ऐंशी वॅट हे दुसऱ्या पद्धतीसाठी. रोध कमी झाला की तारेतून जास्त विद्युतप्रवाह वाहतो. ०.२ ओहमच्या कॉइलला साठ वॅट दिले, तर तिच्यातून सतरा अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. तेवढ्या उष्णतेत द्रवाची प्रचंड वाफ होते. बावीस वर्षे ज्याच्या तोंडाला सिगारेटची ओढ ठाऊक आहे, त्याच्या हाती अशा रीतीने एकदम हुक्का येतो.

मी ते यंत्र जवळपास तीन आठवडे चिकाटीने वापरले. इतक्या वाफेतून तीव्र निकोटिन घेतले तर घसा सोलून निघतो आणि डोके गरगरते, म्हणून त्यासाठी तीन मिलिग्रॅमचे द्रव वापरतात. ते साठ मिलिलिटरच्या बाटलीत पन्नास मिलिलिटर निकोटिनविरहित द्रव म्हणून मिळते आणि त्यात अठरा मिलिग्रॅम तीव्रतेची दहा मिलिलिटरची निकोटिनची कुपी आपण मिसळायची असते. ही सगळी खटपट करण्याचे कारण असे, की निकोटिन असलेले द्रव येथे दहा मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही, टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी असू शकत नाही आणि तीव्रता मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. २०१६पासून हा नियम आहे. दोन मिलिलिटरची टाकी आणि साठ वॅटची भूक यांचा मेळ बसत नाही. दिवसातून पाच वेळा टाकी भरावी लागे. मी हिशेब मांडला तेव्हा चकित झालो: दिवसाला दहा मिलिलिटर द्रव छातीत घेऊन मला त्यातून उपलब्ध होणारे निकोटिन होते तीस मिलिग्रॅम. आज एक्सरॉसमध्ये वीस मिलिग्रॅमचे दोन मिलिलिटर द्रव दिवसभर पुरते, म्हणजे चाळीस मिलिग्रॅम. पाचपट वाफ घेऊनही मी तलफेने कासावीस होतो, आणि घसा कोरडा पडून रात्री उठून पाणी प्यावे लागत होते ते वेगळेच.

त्या यंत्राच्या सुट्या बॅटऱ्यांबद्दल एक गोष्ट निक्षून सांगतो. सुटी लिथियम बॅटरी खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर कधीही ठेवू नये. धातूने दोन्ही टोके जोडली गेली तर ती क्षणात भयंकर तापते. तिच्यासाठी प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्यावी, आणि बॅटरीवरचे वेष्टण फाटले असेल तर ती बाद करावी. हे सारे सांभाळता येते, अनेक लोक ते नीट सांभाळतात आणि त्या मोठ्या यंत्रांवर ते समाधानीही असतात. पण सिगारेट सोडून तीन महिने न झालेल्या माणसाच्या डोक्याला एवढा नवा व्याप कशाला?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा सल्लागारबाईंकडे गेलो आणि त्या दोन सिगारेटींसह सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो निकोटिनच्या व्यसनाची तीव्रता मोजण्याच्या प्रश्नावलीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानला जातो: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत ओढत होता? मी म्हणालो, चहा उकळायच्या आत. म्हणजे पाच मिनिटांत. मग त्या म्हणाल्या, की तुम्ही यंत्र बदललेत, पण बदलायला हवे होते ते द्रव. आता मात्र दोन्ही बदला, छोटे यंत्र आणि वीसचे निकोटिन सॉल्ट घ्या. निकोटिन सॉल्टमध्ये निकोटिनला आम्लाची, बहुधा बेंझोइक आम्लाची, जोड दिलेली असते, त्यामुळे द्रवाची अल्कधर्मिता उतरते आणि वीस मिलिग्रॅमची तीव्रताही घशाला बोचत नाही. साध्या स्वरूपातले निकोटिन त्याच तीव्रतेला अनेकांच्या घशाला झेपत नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका दुकानातून मी एक्सरॉस ३ आणले. या दुकानातल्या बाईंनी मात्र आधी माझी पूर्ण हकिगत ऐकून घेतली आणि तीन यंत्रे समोर ठेवून त्यांतली सगळ्यांत महागडी माझ्यासाठी नाही, असे स्वतःहून सांगितले. ग्राहकाला नको असलेली वस्तू विकायची नाही, हा संयम मला फार मोलाचा वाटला.

एक्सरॉस ३ हे बोटाएवढ्या लांबीचे, चपटे, धातूच्या कवचाचे यंत्र आहे. आत १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे, ती टाइप-सी वायरने चार्ज होते. वर दोन मिलिलिटरचा पॉड चुंबकाने बसतो आणि कॉइल त्या पॉडच्या आतच असते. पॉड वेगवेगळ्या रोधांचे मिळतात, त्यांतले माझ्याकडे ०.६ आणि १.० ओहमचे आहेत. मी दोन्ही वापरून पाहिले. ०.६चा झुरका मोकळा आणि गरम आहे, चव जास्त उठते, पण द्रव भराभर संपते आणि वीसच्या सॉल्टबरोबर तो मला अंगावर आल्यासारखा वाटला. १.०चा झुरका घट्ट, थंडसर आणि छोटा आहे. सिगारेट सोडलेल्या माणसाने निःशंकपणे १.०नेच सुरुवात करावी असे माझे मत आहे. वॅट वरखाली करण्याची सोय नाही. पॉड ओळखून यंत्र स्वतःच शक्ती ठरवते. ज्यांना आकड्यांशी खेळायची हौस आहे त्यांना ही उणीव वाटेल, मला ती विश्रांती वाटली.

या यंत्राची सर्वांत मोठी गुणवत्ता त्याच्या ओढीत आहे, आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. यंत्राच्या अंगावर हवामार्गाची एक छोटी सरकती पट्टी आहे. ती जवळजवळ बंद केली की जी ओढ लागते ती सिगारेटच्या इतकी जवळची आहे, की पहिल्या झुरक्याला माझे गाल आपोआप आत गेले. तोपर्यंत मला वाटत होते की माझी तलफ केवळ निकोटिनची आहे. ती तेवढीच नव्हती. ओढायला थोडे बळ लागणे, तोंड भरणे, मग क्षणभर थांबून श्वास खाली घेणे आणि घशाच्या मागच्या बाजूला होणारा तो हलका आघात, या साऱ्या गोष्टींची शरीराला बावीस वर्षांची सवय होती. मोठ्या यंत्राने त्यातली एकही गोष्ट दिली नव्हती. एक्सरॉसवर पाच-सहा झुरक्यांत तलफ शमते आणि मी ते खिशात ठेवून कामाला लागतो. नुसते ओढले तरी वाफ येते आणि हवे तर बटणही दाबता येते. मी बटणाला हातही लावत नाही. जेवणानंतर, जिथे पूर्वी बडीशेप चघळत मी गॅलरीत जाऊन सिगारेट पेटवत असे, त्या सर्वांत कठीण वेळेला ही ओढ मला उपयोगी पडली आहे.

बॅटरी माझ्या वापराला सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत पुरते. दिव्याचा रंग हिरव्यावरून निळा आणि निळ्यावरून लाल होतो, तेवढाच अंदाज. नेमके किती टक्के उरले ते कळत नाही. लंडन रोडवरच्या त्या संध्याकाळनंतर मी दिव्यावर विसंबत नाही, रोज कामावरून निघण्यापूर्वी अर्धा तास चार्ज करून घेतो. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

पॉडचे आयुष्य मला साधारण दहा दिवस मिळते. येथे द्रवाचा प्रश्न येतो. लहान कॉइलसाठी प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या द्रवाच्या दोन मूळ घटकांचे प्रमाण निम्मे-निम्मे असलेले पातळ द्रव लागते. मोठ्या यंत्रासाठीचे सत्तर टक्के ग्लिसरीनचे घट्ट द्रव या पॉडच्या कापसात नीट शिरत नाही आणि कापूस करपतो. माझ्याकडे आधीच्या यंत्राची दीड बाटली उरली होती, ती वापरण्याचा मोह मी आवरला. दुसरे असे, की फार गोड द्रवांतले सुक्रालोज हे कृत्रिम गोडीचे द्रव्य कॉइलवर काळा थर धरते. आंब्याच्या स्वादाच्या द्रवाने माझा पॉड पाच दिवसांत संपला, साध्या पुदिन्याच्या स्वादाचा बारा दिवस चालला. आंब्याचा तो स्वाद हापूसच्या जवळपासही जात नाही, तेव्हा त्यासाठी पॉड खर्ची घालण्यात मला अर्थ दिसला नाही. तंबाखूच्या स्वादाचे द्रव मी घेतले नाही, कारण ती आठवण मला नको होती. पण सोडण्याच्या पहिल्या दिवसांत त्याच स्वादाचा आधार वाटणारेही पुष्कळ असतात.

कॉइल पॉडमध्येच असल्याने ती जळाली की पूर्ण पॉड टाकावा लागतो. प्लॅस्टिक वाया जाते, हे मला मनापासून खटकते. व्हेप विकणाऱ्या दुकानांनी जुनी यंत्रे आणि पॉड परत घेणे येथे बंधनकारक आहे, म्हणून मी संपलेले पॉड एका बरणीत साठवून दुकानात नेऊन देतो. ज्याला हे टाळायचे आहे त्याने ॲस्पायरची नॉटिलस किंवा इनोकिनची झेड-कॉइल चालणारी टाकी पाहावी. त्यांत फक्त कॉइल बदलते, १.६ आणि १.८ ओहमच्या घट्ट ओढीच्या कॉइलीही मिळतात आणि जाणकारांत त्यांचा लौकिक जुना आहे. मात्र त्यांना वेगळे, थोडे मोठे यंत्र आणि कॉइल बदलण्याचा सराव लागतो. सहा महिन्यांनी कदाचित मीही तिकडे वळेन. पॉडच्या खाली थोडी ओल जमणे हे सर्वच पॉड-यंत्रांत होते. ती थंड झालेल्या वाफेची असते. दोन दिवसांतून एकदा पॉड काढून कागदाने पुसले की काम भागते.

खर्चाचे आकडे माझ्या घरच्या वहीतले आहेत. यंत्राला बावीस पौंड पडले. चार पॉड दहा पौंडांच्या आसपास मिळतात आणि दहा मिलिलिटरची बाटली चार पौंडांना. आठवड्याला दीड बाटली आणि पाऊण पॉड धरला तरी खर्च नऊ पौंडांखाली राहतो. सिगारेटींवर मी आठवड्याला ऐंशी पौंडांपर्यंत घालवत होतो. येत्या १ ऑक्टोबर २०२६पासून ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवावर दर दहा मिलिलिटरला २ पौंड २० पेन्सचे नवे शुल्क लागू होणार आहे आणि त्यावर मूल्यवर्धित कर वेगळा. म्हणजे माझा आठवड्याचा खर्च चार पौंडांनी वाढेल. तरीही हिशेब व्हेपच्याच बाजूने राहतो, पण दिवसाला दहा मिलिलिटर द्रव पिणारे मोठे यंत्र मी आज वापरत असतो तर हेच शुल्क मला फार जड गेले असते. खरेदी करताना द्रवाचा आणि यंत्राचा प्रकार एमएचआरए या नियामक संस्थेकडे नोंदलेला आहे की नाही हे तिच्या यादीत पाहता येते. दोन मिलिलिटर आणि वीस मिलिग्रॅमची मर्यादा न पाळणारी वस्तू कोणी पुढे केली, तर ते दुकान सोडावे.

आता या सगळ्याचा शेवट काय, हा प्रश्न मला माझ्या डॉक्टर भावाने फोनवर विचारला आणि तो रास्त आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत, धूम्रपानमुक्ती सेवांकडे आलेल्या ८८६ जणांपैकी निम्म्यांना निकोटिनचे पॅच, गम वगैरे आणि निम्म्यांना पुन्हा भरता येणारे व्हेप दिले गेले. वर्षाअखेरीस सिगारेटपासून दूर राहिलेले पहिल्या गटात ९.९ टक्के होते, व्हेपच्या गटात १८ टक्के. त्या चाचणीतही लोकांना सुरुवातीला एकच संच आणि अठरा मिलिग्रॅमची एक बाटली दिली होती आणि पुढे आपापल्या गरजेप्रमाणे तीव्रता व स्वाद निवडायला सांगितले होते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. नेमकी तीच मोकळीक मी सहाच्या हट्टापायी नाकारली होती. पण त्याच चाचणीत, व्हेपच्या आधाराने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप वापरत होते. सिगारेटपेक्षा व्हेपची हानी पुष्कळ कमी आहे, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते आणि ते निर्धोक नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. दीर्घकाळाचा हिशेब अजून काळाच्याच हातात आहे. म्हणून यंत्र निवडताना मी आणखी एक गोष्ट पाहिली: तेच यंत्र, तोच पॉड आणि तीच ओढ ठेवून तीव्रता उतरवता येते का? एक्सरॉसमध्ये वीस, दहा, पाच अशा पायऱ्या उतरता येतात, कारण सॉल्टची द्रवे साधारण याच तीव्रतांत मिळतात.

जानेवारीत पुतणीच्या लग्नासाठी तीन आठवडे साताऱ्याला जायचे होते. भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर २०१९च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसत्या साठवणीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कोण तपासते, एक तर आहे, असे म्हणणारे मित्र मला भेटले. मी ते मानले नाही. एक्सरॉस लेस्टरलाच स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले आणि निघण्याच्या दिवसापासून निकोटिनचा पॅच लावला. अचानक येणाऱ्या तलफेसाठी दोन मिलिग्रॅमचे गम बरोबर होते आणि तसे गम साताऱ्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळाले. दिवस तसे कठीणच गेले. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे सगळे चुलतभाऊ सिगारेट पेटवून उभे होते आणि मी गम चावत त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबलो होतो. पण तीन आठवड्यांत एकही सिगारेट ओढली नाही. आईने चौथ्या दिवशी सकाळी पूजेची तयारी करता करता विचारले, "तुझा पहाटेचा खोकला कुठे गेला रे?" तिने तो वर्षानुवर्षे भिंतीपलीकडून ऐकला होता.

परतल्यावर मी नवा पॉड बसवला, द्रव भरले आणि दहा मिनिटे थांबलो. पहिला झुरका नेहमीपेक्षा जड लागला आणि थोडे गरगरले. पॅचवर राहून शरीराची मागणी उतरली होती. त्याच शनिवारी मी दहा मिलिग्रॅमची पहिली बाटली आणली. आता सकाळ आणि दुपार दहावर निघते. त्यासाठी दुसरा पॉड वेगळा ठेवला आहे. रात्रीच्या जेवणानंतर मात्र अजून वीसचाच लागतो.